बारीक होण्याचा हिशेब

दगडी कोळशाची शेगडी ज्यांनी रोज पेटवली आहे त्यांना विचारावं. हा पदार्थ मुळात आळशी. खाली कागद, त्यावर काटक्या, काटक्यांवर थोडं रॉकेल, मग पंखा घेऊन वारा घालत बसायचं. घरभर धूर झाला की कुठे एखाद्या खड्याच्या कडेला लाली दिसू लागते. मुठीएवढ्या खड्याला नुसती काडी लावली तर काडी संपते, बोट भाजतं, खडा थंडच राहतो. हाच खडा कुटून, दळून, वस्त्रगाळ केला आणि ती भुकटी बंद बोगद्यातल्या हवेत उधळली, तर एका ठिणगीत सगळीच्या सगळी पेटते, आणि तीही अशी की वाटेतले लोखंडी डबे वाकतात. कोळसा तोच, हवा तीच. बदललं ते कणाचं माप.

खाणीतल्या आणि कारखान्यातल्या धुळीबद्दल जे सांगण्यासारखं आहे त्यातलं बरंचसं मला या एका मापात दिसतं. धूळ म्हटली की ती कशाची आहे, असं आपण आधी विचारतो. किती बारीक आहे, हे त्याआधी विचारायला हवं. पदार्थ बारीक होत गेला की त्याला दोन नव्या खोड्या लागतात. विस्तव दिसला की तो भडकतो, आणि श्वासाबरोबर आत गेला की बाहेर येत नाही. पहिली खोडी माणसं क्षणात मारते, दुसरी वीस-वीस वर्षं घेते.

पहिलीचा हिशेब साध्या गणिताचा आहे. एक सेंटीमीटर लांबी-रुंदी-उंचीचा कोळशाचा ठोकळा घ्या. त्याला सहा बाजू, म्हणजे हवेला भिडणारा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. आता तो कापत कापत १० मायक्रॉनच्या ठोकळ्यांपर्यंत आणा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून तुकड्याचा अंदाज यावा. तुकडे झाले १०० कोटी, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग झाला ६,००० चौरस सेंटीमीटर, म्हणजे उघडून पसरलेल्या वर्तमानपत्राहून मोठा. वजन तेवढंच, हवेला भिडणारं अंग हजारपट. जळणं हे सगळं पृष्ठभागावरच चालतं. शिवाय खड्याच्या पोटातली उष्णता आत झिरपून वाया जाते, तसं या कणात काही होत नाही. त्याला आतच नाही. तो क्षणात तापतो, त्यातला ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो, पेटतो, आणि शेजारच्या कणाला तापवतो. ज्या कोळशात हा वायू फार कमी, तो अँथ्रासाइट भुकटी होऊनही असा भडकत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या कोळशात तो भरपूर असतो.

हा गुण माणसाने कामालाही लावला आहे. चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा खड्यांच्या रूपात जाळत नाहीत. तो गिरणीत दळतात, बहुतेक भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका बारीक, आणि गरम हवेच्या झोताबरोबर बॉयलरच्या भट्टीत फुंकतात. खाणीत ज्याची धास्ती, तेच तिथे दिवसरात्र, हवं तेवढं आणि हवं तिथे घडवून आणलेलं असतं. घरातले दिवे त्यावर लागतात.

जळू शकणारा कुठलाही पदार्थ या नियमातून सुटत नाही. १७८५ च्या डिसेंबरात इटलीतल्या तुरीन शहरात एका पाववाल्याच्या कोठारात पीठ उडालं, दिव्याला भिडलं आणि स्फोट झाला. त्याची लेखी हकीकत काउंट मोरोझ्झोने ठेवली आहे. १८७८ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसची वॉशबर्न ए मिल ही प्रचंड पीठगिरणी उडाली आणि १८ माणसं गेली. २००८ मध्ये जॉर्जिया राज्यात इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीने १४ जणांचा जीव घेतला. २०१४ मध्ये चीनमधल्या कुनशानला मोटारीच्या चाकांना पॉलिश करण्याच्या कारखान्यात ॲल्युमिनियमची धूळ पेटली. बळींचा आकडा शेवटी १४६ वर गेला. पीठ, साखर, धातू. दगडाची धूळ मात्र या यादीत येत नाही, कारण दगड जळत नाही. त्याचं प्रकरण पुढे आहे.

खाणीतला माणूस हे उशिरा शिकला, आणि त्याचं एक कारण असं की त्याच्यासमोर दुसरा, ओळखीचा शत्रू होता. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू झिरपतो. तो पेटतो हे सगळ्यांना माहीत होतं. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा काढला तो याच वायूसाठी. स्फोट झाला की दोष वायूला द्यायचा, अशी रीतच पडून गेली. २८ सप्टेंबर १८४४ ला इंग्लंडच्या डरहॅम भागात हॅसवेल खाणीत स्फोट होऊन ९५ माणसं आणि मुलं गेली, तेव्हा सरकारने चौकशीला दोन शास्त्रज्ञ पाठवले: मायकेल फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल. लायेलने पुढे सांगितलेला एक प्रसंग आहे. खाणीतल्या हवेचा वेग कसा मोजता, असं फॅरडेने विचारलं. तिथल्या तपासनिसाने चिमूटभर बंदुकीची दारू घेतली आणि मेणबत्तीच्या ज्योतीतून खाली सोडली. धूर ठरावीक अंतर किती वेळात कापतो ते सोबतचा माणूस घड्याळावर पाहत होता. ही दारू ठेवता कुठे? पोत्यात, तोंड घट्ट बांधून. पोतं कुठे आहे? तुम्ही त्यावरच बसला आहात, साहेब.

प्रसंग गमतीचा म्हणून सांगतात, पण त्यात त्या काळच्या खाणीची सगळी मनोवृत्ती आहे. ज्यावर रोज बसायचं त्याची भीती वाटत नाही. त्या दोघांनी खाली जाऊन जे पाहिलं ते याहून महत्त्वाचं होतं. आधाराच्या खांबांवर, स्फोट ज्या बाजूने आला त्या बाजूला, भाजून निघालेल्या कोळशाच्या भुकटीचा थर चिकटलेला होता. म्हणजे वायू पेटला खरा, पण त्याने जमिनीवरची, खांबांवरची भुकटी उठवली आणि पुढचं काम त्या भुकटीने केलं. त्यांनी ते अहवालात स्पष्ट लिहिलं. पुढची कित्येक दशकं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

पाहावं लागलं ते १० मार्च १९०६ ला. उत्तर फ्रान्समधल्या कूरिएर इथल्या खाणी वायूविरहित समजल्या जात. इतक्या की कामगार उघडे दिवे घेऊन काम करत. त्या दिवशी सकाळी एकमेकींना जोडलेल्या खाणींतून ज्वाळ धावत गेली आणि १,०९९ माणसं मेली. वायूवर खापर फोडायची सोय इथे नव्हती. युरोपातल्या खाणींच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही. भारतातलं उदाहरण २८ मे १९६५ चं: तेव्हाच्या बिहारमधल्या, आता झारखंडमधल्या बेर्मो भागात ढोरी खाणीत कोळशाच्या भुकटीचा स्फोट झाला आणि २६८ कामगार गेले. चासनाला आपल्याला आठवते, तिथे पाणी घुसलं होतं आणि पुढे त्यावर सिनेमाही निघाला. ढोरीचं नाव कोळसापट्ट्याबाहेर फारसं कुणाच्या तोंडी नसतं.

आता एक कोडं. कोळशाची भुकटी पेटून स्फोट व्हायचा तर एक घनमीटर हवेत ती साधारण ५० ग्रॅम तरी हवी. हे किती दाट, तर अशा हवेत दोन मीटरवर लावलेला २५ वॅटचा दिवा दिसत नाही. इतक्या धुळीत कुणी काम करूच शकत नाही. मिनिटभरात ठसका लागून बाहेर पळेल. मग कामाच्या वेळी, माणसं आत असताना, स्फोट होतो कसा?

याचं उत्तर हवेत नाही, खाली आहे. वर्षानुवर्षं उडून बसलेली भुकटी जमिनीवर, भिंतींच्या खाचांत, छताला टेकू दिलेल्या तुळयांवर, कन्व्हेअर पट्ट्याखाली निवांत पडलेली असते. कुठेतरी लहानसा वायूचा भडका होतो. त्याच्यापुढे दाबाची लाट धावते. ज्वाळेपेक्षा लाट पुढे असते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. लाट भुकटी उठवते, मागून येणारी ज्वाळ तिला पेटवते, त्यातून नवी, जास्त जोराची लाट निघते, ती पुढची भुकटी उठवते. अशी ही साखळी बोगद्यातून मैलोन्‌मैल जाते, आणि दर पावलाला पुढच्या पावलाचं इंधन स्वतःच उधळत जाते. पहिला भडका कुणाला मारण्याइतका मोठा असावा लागत नाही. त्याने फक्त केर उडवायचा असतो. साखरेच्या कारखान्यातही याच क्रमाने घडलं: आधी साखरेच्या उंच कोठ्यांखाली, पत्र्याने बंदिस्त केलेल्या पट्ट्याच्या खोक्यात एक स्फोट, मग इमारतभर तुळयांवर, यंत्रांवर साचलेल्या साखरेचे पुढचे स्फोट. वाईट भाग असा की तिथे साचलेली साखर झटकायला दाबाची हवा वापरत असत. खाली बसलेला धोका आपल्याच हाताने हवेत उडवायची ती पद्धत आजही किती वर्कशॉपमध्ये चालते, हे शेडमध्ये डोकावणाऱ्याला सांगायला नको.

किती थर पुरतो? अमेरिकेतल्या प्रयोगांतून निघालेला आकडा आहे ०.१२ मिलिमीटरचा, म्हणजे कागदाच्या जाडीचा. मनातल्या मनात ताडून पाहता येतो. एक चौरस मीटरवर तेवढी सैल भुकटी म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. बोगदा दोन मीटर उंच, आणि भुकटी जमिनीवर आहे तशी भिंतींवर आणि तुळयांवरही आहे. सगळी एकदम उठली की दर घनमीटरला लागणारा आकडा भरतो. कागदाएवढा थर कुणाच्या नजरेत भरत नाही. फार तर वरिष्ठ येणार म्हणून कुणी झाडून घेईल.

उपाय सापडला तोही असाच, खाली नजर असल्यामुळे. यॉर्कशरमधल्या आल्टोफ्ट्स खाणीत १८८६ मध्ये स्फोट झाला. तिथले व्यवस्थापक विल्यम गारफोर्थ यांना दिसलं की ज्या वाटेवर दगडाची धूळ पसरली होती तिथे ज्वाळ विझली. बावीस वर्षांनी, १९०८ मध्ये, त्यांनी जुने बॉयलर एकापुढे एक जोडून जमिनीवर एक लांबलचक नळा तयार केला आणि त्यात कोळशाची भुकटी पेटवून दाखवली. मग दगडाची भुकटी मिसळून ती विझवूनही दाखवली. आजही जगभर भूमिगत खाणींत चुनखडीची पांढरी भुकटी मारतात. आपल्या खाणींत त्याला स्टोन डस्टिंगच म्हणतात. दाबाच्या लाटेने काळी भुकटी उठते तेव्हा पांढरीही उठते, ज्वाळेची उष्णता पिऊन टाकते, कणाकणांच्या मध्ये येते, आणि साखळी तुटते. धुळीवर धुळीचाच उपाय. फक्त पांढऱ्यावर पुन्हा काळा थर बसू देता कामा नये, कारण लाट आधी वरचा पापुद्रा उचलते. पांढरं फासलेली भिंत चार पाळ्यांनंतरही बॅटरीच्या उजेडात पांढरीच वाटते, आणि तो कागदाएवढा काळा पापुद्रा तोवर बसूनही गेलेला असतो.

इथवरचा धोका बसलेल्या धुळीचा. पण सगळी धूळ बसत नाही. १०० मायक्रॉनचा कण माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून सहा-सात सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत अर्धा तास लागतो, १ मायक्रॉनच्याला तेरा-चौदा तास. आणि खाणीतली हवा स्थिर कधीच नसते. वायू हुसकायला पंखे सतत चालू असतात. म्हणजे एका पाळीत उडालेला सर्वांत बारीक कण दुसऱ्या पाळीच्या माणसाला श्वासात मिळू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही. उन्हाच्या तिरिपीत आपल्याला जे कण नाचताना दिसतात, ते या मानाने धोंडे.

मोठा कण नाकातल्या केसांत अडकतो, घशातल्या कफाला चिकटतो. काळी थुंकी पडते ती त्याची. ती दिसायला भयंकर, पण खरं म्हणजे शरीराची झाडलोट चालू असल्याची खूण. पाचेक मायक्रॉनच्या खालचा कण हे पहारे ओलांडून फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातो, जिथे रक्त आणि हवा यांच्यात एका पातळ पडद्याचंच अंतर असतं. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. जंतू असता तर पचला असता. कोळसा पचत नाही, दगड तर नाहीच. पेशी मरते, तिच्यातली रसायनं सांडतात, कण मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते. वर्षानुवर्षं हेच चालतं, आणि त्या त्या जागी शरीर व्रण भरावा तसा कठीण तंतूंचा गोळा बांधत जातं. फुप्फुस ताठ होतं. आधी चढ चढताना दम लागतो, मग सपाटीवर, मग अंथरुणात. खाण सोडली तरी आत गेलेला कण काम सोडत नाही, त्यामुळे निवृत्तीनंतरही आजार वाढत राहू शकतो.

इथेही पृष्ठभागाचाच खेळ आहे. जळण्यासाठी ऑक्सिजन जसा कणाच्या अंगाला भिडतो, तशी फुप्फुसातली पेशीही त्या अंगालाच भिडते. क्वार्ट्‌झ, म्हणजे सिलिका, नुकताच फुटलेला असेल तर त्याच्या ताज्या तुटक्या पृष्ठभागावर रासायनिकदृष्ट्या उतावळ्या जागा असतात. जुन्या, निवलेल्या कणापेक्षा तो जास्त विषारी ठरतो. नदीकाठच्या वाळूत मुलं खेळतात ती सिलिकाच. ड्रिल लावून फोडलेला दगड वेगळा.

कोळसा स्वतः फुप्फुसाला मारतो हे मान्य व्हायलाही शंभराहून अधिक वर्षं गेली. एडिंबरोमध्ये जेम्स ग्रेगरी या डॉक्टरने १८३१ मध्येच एका खाणकामगाराच्या काळ्याठिक्कर फुप्फुसांचं वर्णन केलं होतं. पण पुढे मत असं बनलं की गुन्हेगार दगड, कोळसा निरुपद्रवी. दगड फोडणाऱ्याला भरपाई द्यावी, कोळसा काढणाऱ्याला कशाला. हे मत मोडलं ते कार्डिफ बंदरातल्या ट्रिमर लोकांनी. जहाजाच्या पोटात वरून कोळसा ओतला की ढीग होतो. तो फावड्याने कडेकोपऱ्यांत सारून जहाजाचा तोल सांभाळायचा, हे त्यांचं काम. हे लोक खाणीत उतरत नसत, दगडाला हात लावत नसत. आयुष्यभर फक्त कोळसा, तोही बंद तळघरात. १९२८ मध्ये कॉलिस आणि गिलख्रिस्ट यांनी त्यांची छाती तपासली, १९४० मध्ये जेथ्रो गॉफ यांनी मेलेल्या ट्रिमरांची फुप्फुसं पाहिली. आजार होताच. १९४३ मध्ये ब्रिटनने कोळसा कामगारांच्या या आजाराला भरपाई लागू केली.

आपल्याकडे याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली दगडातून कापून काढत. त्या करवतीपुढे बसणारे तरुण कामगार सिलिकोसिसने गेले, आणि त्या पेन्सिलींनी आपल्या दोन-तीन पिढ्या मुळाक्षरं गिरवायला शिकल्या. मुंबईच्या गिरणगावात कापसाच्या तंतूंनी ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यातल्या कामगारांच्या छात्या धरल्या. त्या बिसिनोसिसची सुरुवातीची खूण विलक्षण असते: रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळते, आठवडा सरत जाईल तसा त्रास कमी होतो. कामगार त्याला आळस समजे, मुकादम कांगावा. वर्षं गेली की सगळेच वार सोमवार होतात. दोन्ही आजार आज कायद्याच्या यादीत आहेत. यादीत असणं आणि डॉक्टरने कागदावर लिहिणं यांत मात्र मोठं अंतर आहे. छातीच्या एक्स-रेवर सिलिकोसिस आणि क्षय एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि क्षय लिहिला की कुणालाच जबाबदार धरावं लागत नाही.

आता दोन्ही खोड्या एकाच जागी पाहू. ५ एप्रिल २०१० ला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अपर बिग ब्रँच खाणीत स्फोट झाला आणि २९ कामगार गेले. सुरुवात क्षुल्लक होती. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात झिजलेले. ते दगडावर घासून ठिणगी उडाली. त्या दातांजवळ पाण्याचे फवारे असतात. त्यांतले काही गायब, काही निकामी. थोडा मिथेन पेटला. तो तिथेच विझायला हवा होता. पण पट्ट्यांखाली आणि वाटांवर भुकटी साचली होती, चुनखडी पुरेशी मारली नव्हती. तपासणीच्या वहीत पट्टे साफ करा, डस्टिंग करा, अशा नोंदी पुन्हा पुन्हा होत्या. एवढ्या मोठ्या खाणीत ते काम दोन माणसांच्या तुकडीकडे होतं, आणि त्यांचं यंत्र जुनं, सारखं बिघडणारं. ज्वाळ दोन मैलांहून लांब गेली. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांना पुढे खाण सुरक्षेचे नियम मोडण्याच्या कटाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली.

या खटल्याची चर्चा खूप झाली. त्यामानाने शवविच्छेदनातला आकडा कमी लोकांना माहीत आहे. २९ पैकी २४ मृतदेहांत फुप्फुसाचा तपासण्याजोगा भाग मिळाला. त्या २४ पैकी १७ जणांना काळ्या फुप्फुसाचा आजार आधीच झालेला होता. काहींची खाणीतली नोकरी दहा वर्षांचीसुद्धा नव्हती. स्फोट झाला नसता तर हे आकडे कुणी मोजलेच नसते. बंद फवारा एकच, पण त्याने ठिणगीपाशीचा वायू पेटू दिला आणि रोज उडणारा बारीक कण माणसाच्या नाकापर्यंतही जाऊ दिला.

दोन्ही धोक्यांच्या मोजमापातली तफावत पाहिली म्हणजे कळतं की एकाची काळजी घेणारा दुसऱ्याला का विसरतो. स्फोटाला घनमीटरमागे ५० ग्रॅम लागतात. अमेरिकेत कामगाराच्या श्वासातल्या धुळीची मर्यादा आज १.५ मिलिग्रॅम आहे. पहिला आकडा दुसऱ्याच्या तेहतीस हजारपट. सुरक्षा अधिकारी जमिनीकडे बघतो, डॉक्टर एक्स-रेकडे. दोघांच्या वह्या वेगळ्या, साहेब वेगळे, बैठकाही वेगळ्या. ही विभागणी सोयीची असेल, पण धूळ ती पाळत नाही, आणि माझ्या मते खाणीतलं बरंच दुर्लक्ष या फटीतच राहून गेलं आहे. अमेरिकेचा १९६९ चा खाण कायदा याला अपवाद. आदल्या वर्षी फार्मिंग्टनच्या स्फोटात ७८ जण गेले, देशभर टीव्हीवर ते दिसलं, आणि कायदा करणं भाग पडलं. त्यात श्वासातल्या धुळीची मर्यादा आली त्यामागे वेस्ट व्हर्जिनियातल्या सुमारे ४०,००० कामगारांनी फुप्फुसाच्या प्रश्नावर केलेला संप होता. त्या देशात १९६८ पासून ७६,००० हून अधिक कामगारांच्या मृत्यूला हा आजार कारण ठरला, असं तिथलं कामगार खातंच सांगतं. इतके बळी तिथे कुठल्याही स्फोटांच्या यादीत सापडणार नाहीत.

भारतात एक गोष्ट वेगळी घडली. आता इथला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. चंद्रपूर, वणी, उमरेडकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी पाहिलेल्यांना ते खड्डे ठाऊक आहेत. डोक्यावर आकाश असलं की दाब साचत नाही, लाट बांधली जात नाही, त्यामुळे स्फोटाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. श्वासाचा मिटत नाही. उलट खाणीच्या तोंडाशी पूर्वी जी धूळ अडत होती, ती आता ट्रकच्या चाकांनी रस्त्यावर आणि रस्त्यावरून गावात जाते. पाण्याचा टँकर सकाळी फिरतो, दुपारच्या उन्हात तासाभरात रस्ता पुन्हा कोरडा होतो. आणि कोळसा क्रशरच्या घरात, पट्ट्याच्या बंद गॅलरीत, बंकरमध्ये शिरला की छप्पर आलं, भिंती आल्या, आणि पहिला प्रश्नही परत आला.

मापाचं सगळ्यात अडचणीचं टोक मात्र उपायातच आहे. अमेरिकेत खाणीच्या वाटांवर कोळसा आणि चुनखडी यांच्या मिश्रणात न जळणारा भाग किती हवा, तर ६५ टक्के, असं ठरलं होतं. त्याला आधार होता १९२० च्या दशकात मोजलेल्या भुकटीच्या कणांच्या मापाचा. तेव्हा कोळसा बराचसा हातांनी आणि सुरुंगांनी निघे. मग यंत्रं आली, फिरत्या ढोलावरचे दात कोळसा खरवडू लागले, आणि भुकटी पूर्वीपेक्षा बारीक झाली. नियमातला आकडा तसाच राहिला. नव्याने मोजल्यावर तो अपुरा ठरला आणि २०१० मध्ये ८० टक्क्यांवर नेला गेला. यंत्रं दगडाचे थरही कोळशाबरोबर कापतात, म्हणून त्याच काळात काळ्या फुप्फुसाच्या आजाराच्या सर्वांत वाईट अवस्थेचे रुग्ण पुन्हा वाढले. नैर्ऋत्य व्हर्जिनियातल्या तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात असे ४१६ सापडले. एकच बदल, यंत्रं येण्याचा, आणि दोन्ही वह्यांत नोंद.

आणि चुनखडी? ती ज्वाळ विझवते ती उडते म्हणून. जाड असेल तर लाटेबरोबर उठणार नाही. तिचा बराचसा भाग ७५ मायक्रॉनच्या खाली हवा. ओल लागून तिचा गोळा झाला तर भिंतीवर पांढरी दिसेल, पण उपयोग शून्य. अपर बिग ब्रँचनंतर तपासलेल्या अनेक नमुन्यांत हाच दोष सापडला. पण बारीक केली की तिच्यातलाही एक हिस्सा श्वासात जाण्याइतका बारीक होतो. म्हणून तिच्यात सिलिका किती चालेल याला मर्यादा आहे, आणि डस्टिंग शक्यतो अशा वेळी करतात की हवेच्या वाटेवर पुढे माणसं नसतील. अलीकडे चुनखडीतून १० मायक्रॉनच्या खालचे कण आधीच काढून टाकायचे, आणि उरलेल्या कणांवर ओलीने गोळा न होण्याची प्रक्रिया करायची, असे प्रयोग झाले आहेत. ७५ च्या वरचा कण नीट उडत नाही आणि १० च्या खालचा माणसाच्या छातीकडे जातो. कामाची भुकटी ती, जी या दोन आकड्यांच्या मध्ये बसते आणि ओल्या बोगद्यात महिनोन्‌महिने सुटी राहते.